खोलीतल्या मुलींना गोळी, बाकावरच्या मैत्रिणीला नाही: मेनिंगोकॉकसच्या बाबतीत 'जवळचं' नक्की कोण?

ऋतुगंध
भाचीच्या वसतिगृहातल्या एका मुलीला मेनिंगोकॉकल मेनिंजायटिस (मेनिंगोकॉकस या जिवाणूमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) झालाय. आयसीयूत आहे, पण शुद्धीवर आलीय आणि धोका बराचसा टळलाय म्हणतात. प्रश्न तिच्या उपचारांचा नाही. निदान झालं त्याच संध्याकाळी आरोग्य खात्याची माणसं आली, बराच वेळ चौकशी केली, यादी केली आणि मोजक्या जणांना एकेक गोळी दिली. तिच्या खोलीतल्या तिघी, शेजारच्या खोलीतली एक (ही रोज रात्री यांच्याच खोलीत पडीक असते) आणि तिचा मित्र. बस्स.

भाची तिच्याच वर्गात आहे, तिच्याच बाकावर बसते, दोघी एका बाटलीतून पाणी पितात. हिला गोळी नाही! मेसमधल्या कुणाला नाही, शिक्षकांना नाही. लक्षणांचा एक कागद हातात दिला आणि "यातलं काही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा" एवढं सांगून मंडळी गेली.

आता तिकडे दोन तट पडलेत. ज्यांना गोळी मिळाली त्या घाबरल्यात, की म्हणजे आपल्यालाही झालाय की काय. ज्यांना नाही मिळाली त्या चिडल्यात. मला विचाराल तर चिडलेल्यांचं पटतंय. हा जिवाणू जवळच्या माणसांत पसरतो हे मान्य, पण जवळचं म्हणजे किती जवळचं? याला काही फूटपट्टी आहे की साहेबांच्या मनाला येईल तसं? जाणकारांनी लिहा. नुसतं "काळजी घ्या" नको, ते कागदावर लिहिलेलंच आहे.

तिसरा_बाक
बाकावरच्यांवर अन्याय ही जुनीच परंपरा आहे, ताई.

सायली_एम
वाचूनच पोटात गोळा आला. आधी अख्खं वसतिगृह रिकामं करून फवारणी का नाही करत? चादरी, गाद्या, दाराच्या कड्या, सगळीकडे असणार तो.

गुगलपंडित
हा डासांमुळे होतो ना? मग फवारणी बरोबरच आहे.

पेट्रीडिश
@गुगलपंडित, डासांमुळे होतो तो जॅपनीज एन्सेफलायटिस. तो विषाणू आहे आणि तो माणसाकडून माणसाला होत नाही. इथे विषय नायसेरिया मेनिंजायटिडिस, म्हणजेच मेनिंगोकॉकस, या जिवाणूचा आहे.

@सायली, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत आहे. हा जिवाणू प्लेटवर वाढवायचा तर आम्हाला त्याचे फार लाड करावे लागतात: रक्त घातलेलं माध्यम, थोडा कार्बन डायऑक्साइड, ऊब. त्याचं घर एकच, माणसाच्या नाकामागचा आणि घशाचा भाग. दुसऱ्या कुठल्या प्राण्यात नाही, पाण्यात नाही, मातीत नाही. शरीराबाहेर तो फार टिकाव धरत नाही, म्हणून कड्या, गाद्या पुसत बसण्यात अर्थ नाही. तो फिरतो घशातून घशात: खोकला, शिंक, अगदी जवळून बोलणं, चुंबन यांतून उडणाऱ्या किंवा लागणाऱ्या स्रावांमधून.

कडूनिंब
खोकल्या-शिंकेतून फिरतो ना? मग वर्गातला प्रत्येक जण संपर्कातला झाला. मला यात सरळ सरळ गोळ्या वाचवण्याचा प्रकार दिसतो.

स्टेथोवाला
साथरोगांच्या कामात आयुष्य गेलंय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आपल्या डोक्यात चित्र असं असतं की आजारी मुलीतून जिवाणू निघाला आणि आजूबाजूच्यांवर तुटून पडला. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. ढोबळमानाने कुठल्याही वेळी दहापैकी एका माणसाच्या घशात मेनिंगोकॉकस असतो आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. युरोपातल्या पाहण्यांत हे प्रमाण तान्ह्या बाळांत सगळ्यात कमी, १९ वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त (जवळजवळ चारातला एक) आणि पुढे वयाबरोबर उतरत गेलेलं दिसतं. या माणसांना वाहक म्हणतात. वाहक सहसा आजारी पडतच नाही. जिवाणू घशात महिनोन्महिने राहू शकतो आणि तेवढ्यात शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करून मोकळं होतं. आजारी पडतो तो ज्याच्या घशात जिवाणू नुकताच आलाय आणि ज्याच्याकडे ती प्रतिपिंडं नाहीत असा एखादा. तेही बहुधा तीन-चार दिवसांत, फार तर दहा.

म्हणजे ही मुलगी आजारी पडली याचा अर्थ तिच्या रोजच्या घोळक्यात कुणीतरी ठणठणीत वाहक आहे, ज्याच्याकडून तो तिला मिळाला. तोच वाहक उद्या आणखी कुणाला देऊ शकतो. गोळी आहे ती या अनोळखी वाहकाच्या घशातून जिवाणू हाकलण्यासाठी. तो कोण ते माहीत नाही, म्हणून घोळक्यातल्या सगळ्यांना एकाच वेळी. गोळी मिळालेल्या मुलींना सांगा, गोळी मिळाली म्हणजे आजार झाला असं मुळीच नाही.

आता आकडे. घरातल्या माणसांना असलेला धोका सर्वसाधारण लोकांच्या ५०० ते ८०० पट असतो. ऐकून दचकायला होतं, पण मूळ धोकाच इतका बारीक आहे की प्रत्यक्षात प्रतिबंधक औषध न घेतलेल्या घरच्या हजार माणसांत साधारण चार जण आजारी पडतात. बहुतेक सगळे पहिल्या आठवड्यात. वर्गातल्या सोबत्यांसाठी हा धोका इतका खाली येतो की एकट्यादुकट्या रुग्णामागे सगळ्या वर्गाला औषध देऊन हाती फारसं लागत नाही. त्याच वर्गात, शाळेत काही आठवड्यांच्या आत दुसरा रुग्ण निघाला तर मात्र हिशेब बदलतो, मग यादी मोठी होते.

@कडूनिंब, कष्ट वाचवायचे असते तर अख्ख्या वर्गाला गोळी देणं सोपं पडलं असतं. चौकशीला लागणारा वेळ गोळीपेक्षा महाग असतो.

रानजाई
दंडवत घ्या डॉक. वाहकाची भानगड पहिल्यांदाच कळली.

कडूनिंब
घेतलं डॉक. पण मग वाहक शोधा ना. पाचही जणांच्या घशाचा स्वॅब घ्या, ज्याच्यात सापडेल त्याला गोळी. अंदाजपंचे कशाला?

पेट्रीडिश
कारण आम्हाला वेळ लागतो. कल्चर वाढायला एक-दोन दिवस, आणि औषध तर शक्यतो २४ तासांत पोटात जायला हवं. दुसरं, एका स्वॅबमध्ये जिवाणू निसटतो. तो नाकामागे आणि आपली काडी टॉन्सिलवर. तिसरं म्हणजे घशात सापडणाऱ्या मेनिंगोकॉकसपैकी कित्येक निरुपद्रवी असतात, त्यांना बाहेरचं कवचच नसतं. एखाद्या मुलीत असा बिनकवचाचा सापडला की तिची झोप उडणार आणि त्यातून निर्णय काहीच बदलणार नाही. म्हणून संपर्कातल्यांची तपासणी न करता सरळ औषध देतात. रुग्णाच्या रक्तातला किंवा पाठीच्या पाण्यातला जिवाणू मात्र आम्ही जपून ठेवतो. त्याचा गट (कवचावरून ठरणारा प्रकार) कळला की लसीचं ठरवता येतं.

सायली_एम
पण बाटलीचं काय? मूळ प्रश्न तोच होता ना? एका बाटलीतून पाणी म्हणजे थेट लाळ. परदेशी विद्यापीठांच्या पत्रकांत स्पष्ट लिहिलेलं मी वाचलंय, पेले-बाटल्या वाटून घेऊ नका. मग भाचीला वगळलं ते चूकच.

पेट्रीडिश
बाटलीवर एक छान अभ्यास आहे, २००३ साली प्रसिद्ध झालेला. २५८ विद्यार्थ्यांचे तीन ठिकाणचे स्वॅब घेतले. नाकामागच्या भागात ३२ टक्क्यांमध्ये जिवाणू सापडला, टॉन्सिलवर १९ टक्क्यांमध्ये आणि लाळेत किती? अख्ख्या २५८ जणांत एका स्वॅबमध्ये. लाळ या जिवाणूला मानवत नाही. म्हणून ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचनांत एका पेल्यातून पिणं हे गोळी देण्याचं कारण धरत नाहीत.

पत्रकातलं "बाटल्या वाटू नका" हे आरोग्याच्या सवयींबद्दल आहे, सर्दीसाठीही ते चांगलंच. पण गोळी कुणाला द्यायची हा प्रश्न वेगळा. दोन्हींची गल्लत होते.

सायली_एम
आकडे ठीक आहेत. तरी मी माझ्या लेकीला स्वतंत्र बाटलीच देणार.

तिसरा_बाक
लाळेत नाही म्हणता, मग मित्राला गोळी कशाबद्दल? मैत्रीबद्दल?

स्टेथोवाला
हाहा. प्रश्न मात्र रास्त आहे. चुंबनात नुसती लाळ नसते, दोन चेहरे आणि दोन श्वास बराच वेळ एकत्र असतात. ब्रिटनमध्ये किशोरवयीनांवर झालेल्या एका अभ्यासात एकाहून जास्त जोडीदारांशी दीर्घ चुंबन घेणाऱ्यांत या आजाराचा धोका सुमारे चौपट दिसला होता. गालावरची पापी यात मोजत नाहीत.

ढोबळ यादी अशी: आजार सुरू होण्याआधीच्या सात दिवसांत रुग्णाबरोबर एका घरात किंवा एका खोलीत राहिलेले, जोडीदार, पाळणाघरात एकत्र असलेली लहान मुलं आणि ज्यांच्या तोंडा-नाकात रुग्णाचे स्राव थेट गेले असे. शेजारच्या खोलीतली मुलगी यादीत आली हे मला फार आवडलं. खोलीचा नंबर न बघता ती रात्री असते कुठे ते विचारलंय कुणीतरी. काम येणाऱ्याची ही खूण.

अबोली_के
मला वेगळंच खटकतंय. तिच्या घरच्यांना या मित्राबद्दल माहीत होतं का? मुलगी आयसीयूत आणि इकडे यादीतून सगळं जगजाहीर.

ऋतुगंध
@अबोली, नव्हतं माहीत. आता आहे. त्यावरून तिकडे वेगळं महाभारत सुरू आहे. पण मुलाने स्वतःहून येऊन नाव दिलं म्हणे. शाबास वाटली मला त्याची.

कडूनिंब
शाबासकी मुलाला, पण ज्याने बातमी घरापर्यंत पोचवली त्याच्याबद्दल काय? उद्या दुसऱ्या एखाद्या प्रकरणात मुलं तोंडच उघडणार नाहीत.

स्टेथोवाला
@कडूनिंब, इथे तुमच्याशी शंभर टक्के सहमत. लोक खरं सांगतात म्हणूनच ही पद्धत चालते. आम्ही चौकशी करताना आधी सगळ्यांना खोलीबाहेर काढायचो, पालकांनाही. गोळी देताना "निकट संपर्क" एवढंच लिहायचं, नातं लिहायची गरज नसते.

निवृत्तसुभेदार
ताईंनी फूटपट्टीचं विचारलंय. फूटपट्टी होती! सैन्याच्या वैद्यकीय सेवेत असताना आम्हाला हे शिकवलं होतं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करात भरतीचा लोंढा आला आणि बराकींत मेनिंजायटिसच्या साथी सुरू झाल्या. ग्लोव्हर नावाच्या लष्करी डॉक्टरने १९१७ च्या सुमारास एका डेपोत जवानांचे घसे तपासायचा सपाटा लावला. दोन पलंगांत तीन फूट अंतर हवं असा नियम होता. गर्दीमुळे ते फुटाच्याही आत आलं होतं. जसजसे पलंग जवळ सरकले तसतसं वाहकांचं प्रमाण चढत गेलं आणि ते २० टक्क्यांच्या वर गेलं की रुग्ण निघू लागत. त्याने काय केलं, पलंग अडीच फुटांहून जास्त लांब सरकवले आणि खिडक्या उघडायला लावल्या. काही आठवड्यांत वाहकांचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतंच. आमच्या वेळीही बराकीत पलंग मांडताना अंतर मोजत आणि एकाचं डोकं जिकडे, शेजारच्याचे पाय तिकडे. कारण कुणी सांगायचं नाही, हुकूम म्हणजे हुकूम.

दुसऱ्या महायुद्धात सल्फाच्या (जिवाणू मारणारं एक जुनं औषध) गोळ्या आल्या आणि अख्ख्या तुकड्यांना वाटल्या गेल्या. १९६३ मध्ये अमेरिकेच्या लष्करी तळांवर सल्फाला न जुमानणारे जिवाणू साथ घेऊन आले. मग लस शोधायची पाळी आली.

रानजाई
सुभेदारकाका, डोकं-पाय ही युक्ती आम्ही वसतिगृहात उलटी वापरायचो. रात्रभर गप्पा मारता याव्यात म्हणून चार डोकी एका कोपऱ्यात.

स्टेथोवाला
सुभेदारसाहेब, उत्तम आठवण काढलीत. एक पुस्ती जोडतो. २० टक्क्यांची ती रेषा पुढे टिकली नाही. १९३० च्या दशकात ब्रिटिश नौदलाच्या एका तळावर वाहक भरमसाट सापडले आणि रुग्ण एकही नाही. कारण सगळेच मेनिंगोकॉकस सारखे नसतात. बारा गट आहेत, त्यांतले ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा जवळजवळ सगळा आजार घडवतात, आणि त्यांच्यातही काही घराणी जास्त उपद्रवी. गर्दीमुळे जिवाणू घशाघशांत फिरतो. रुग्ण निघणार की नाही हे फिरतंय कोण यावर ठरतं.

गर्दीचा आणखी एक मासला. १९९७ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठात नव्या विद्यार्थ्यांचे घसे सत्राच्या पहिल्या आठवड्यात तपासले. पहिल्या दिवशी वाहक ६.९ टक्के. दुसऱ्या दिवशी ११.२, तिसऱ्या दिवशी १९ आणि चौथ्या दिवशी २३.१. चार दिवसांत तिप्पट! अनोळखी तरुण मुलं एका छताखाली आली, रात्री जागली, पार्ट्या झाल्या, सिगारेटी ओढल्या. सिगारेट ओढणं आणि दुसऱ्याचा धूर पोटात जाणं, दोन्हींनी वाहक होण्याची शक्यता वाढते.

तिसरा_बाक
पहिल्या आठवड्यात अभ्यास न करण्याचं वैद्यकीय दुष्परिणामांसकट वर्णन प्रथमच वाचलं.

रात्रपाळी
मी परिचारिका आहे आणि मला दुसरी बाजू मांडायची आहे. आमच्याकडे असा रुग्ण आला होता. तो झटके देत होता, आम्ही तिघींनी धरून ठेवला, सक्शन केलं (तोंडा-घशातले स्राव नळीने ओढून काढले), ऑक्सिजन लावला. निदान दुसऱ्या दिवशी कळलं. गोळी मिळाली फक्त नळी घालणाऱ्या भूलतज्ज्ञांना. आम्हाला सांगितलं, "तुम्ही निकट संपर्कात बसत नाही." घरी माझं लहान बाळ होतं. पुढचे आठ दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. नियम लिहिणाऱ्यांनी एकदा त्या खाटेशी उभं राहून बघावं.

स्टेथोवाला
@रात्रपाळी, नियम असा आहे की रुग्णाचे स्राव तोंडावर, नाकात थेट उडाले असतील, म्हणजे नळी घालताना, मास्कशिवाय सक्शन करताना, तोंडाने श्वास देताना, तरच गोळी. नुसती शुश्रूषा त्यात येत नाही, कारण त्यातून झालेले आजार अगदी क्वचित नोंदले गेलेत. तुम्ही सक्शन करत होता आणि मास्क नव्हता? मग तुमचं नाव यादीत यायला हवं होतं असं माझं मत.

रात्रपाळी
मास्क कुणाचा होता, कुणाचा नव्हता. कुणी विचारलंच नाही, तेच म्हणतेय. पहिल्या २४ तासांत, औषध सुरू होऊन लागू पडेपर्यंत, मेनिंजायटिसच्या प्रत्येक संशयित रुग्णाजवळ मास्क लावायचाच, हे आता आमच्या वॉर्डात मी नव्या मुलींच्या कानीकपाळी ओरडत असते.

गोळीचं_पाकीट
औषध दुकान चालवतो, म्हणून माझ्या हद्दीतलं लिहितो. मोठ्यांना बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिनची एकच गोळी देतात, म्हणून ताईंच्या भाचीच्या मैत्रिणींना "एकेक गोळी" मिळाली. गरोदर बाईला सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन. तिसरं रिफॅम्पिसिन, दोन दिवस, दिवसातून दोनदा. हे देताना मी हमखास सांगतो: लघवी, घाम, डोळ्यांतलं पाणी नारिंगी होतं, घाबरू नका. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवा, नाहीतर कायमच्या रंगतात. आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्यांचा भरवसा धरू नका. हे शेवटचं सांगायला लोक लाजतात, आणि नेमकं वसतिगृहात तेच सांगायला हवं.

कृपा करून कुणी आपल्या मनाने विकत घेऊन खाऊ नका. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, पण सगळेच तसे नसतात.

कडूनिंब
का नको? एका गोळीने काय बिघडतं? सगळ्या वसतिगृहाला एकेक द्या आणि मोकळे व्हा. अजून हे पटलेलं नाही.

पेट्रीडिश
बिघडतं ते घशात. आपल्या घशात मेनिंगोकॉकसचा एक गरीब भाऊ राहतो, नायसेरिया लॅक्टॅमिका, विशेषतः लहान मुलांत. तो आजार करत नाही, उलट त्याच्या संगतीने मेनिंगोकॉकसविरुद्ध थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या नाकात मुद्दाम या लॅक्टॅमिकाचे थेंब सोडून पाहिले, तर मेनिंगोकॉकसचं वाहकपण कमी झालं. सरसकट अँटिबायोटिक दिलं की हा पहारेकरीही मरतो आणि जागा मोकळी होते. नंतर बाहेरून उपद्रवी जिवाणू आला तर त्याला रान मोकळं.

दुसरं कारण सुभेदारकाकांनी आधीच सांगितलंय, सल्फाचं. आता सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारे वाय गटाचे जिवाणू अमेरिकेत निघालेत. काही भागांत तिथे प्रतिबंधासाठी दुसरी औषधं वापरायला सुरुवात झालीय.

स्टेथोवाला
आणि हिशेब घाला. घरातल्या साधारण २०० संपर्कांना औषध द्यावं तेव्हा एक रुग्ण टळतो. घरात, खोलीत हे नक्कीच परवडतं. बाकावर, मेसमध्ये, बसमध्ये तो आकडा कुठच्या कुठे जातो. दूरच्या विमानप्रवासातही आठ तासांहून लांबच्या प्रवासात रुग्णाला लागून असलेल्या खुर्चीवरच्या माणसांचाच विचार करतात, सगळ्या विमानाचा नाही.

मुसाफिर_७
हज यात्रेचा विषय कुणी काढला नाही म्हणून लिहितो. माझे चाचा गेले तेव्हा लसीचा दाखला असल्याशिवाय व्हिसाच मिळत नव्हता. १९८७ मध्ये यात्रेनंतर ए गटाची साथ आली, तेव्हापासून सौदी सरकारने लस सक्तीची केली. २००० मध्ये डब्ल्यू गटाचा उद्रेक झाला, आणि तेव्हा यात्रेकरू परतल्यावर अनेक देशांत त्यांच्या घरची, यात्रेला न गेलेली माणसं आजारी पडली. स्टेथोवाला म्हणतात तो ठणठणीत वाहक म्हणजे हाच. आता चारही गटांची, ए, सी, वाय, डब्ल्यूची लस लागते.

रानजाई
मग या मुलींना लस का नाही दिली?

स्टेथोवाला
लसीला कामाला लागायला आठवडा-दीड आठवडा जातो, आणि सगळ्यात जास्त धोका पहिल्या आठवड्यातच असतो. म्हणून आधी गोळी. गट कळला आणि त्यावर लस असली तर नंतर लसही देतात.

लसींमध्येही एक फरक आहे. जुन्या साध्या लसी टोचून घेणाऱ्याला वाचवत, पण घशातला जिवाणू तिथेच राही. नव्या संयुग्म (कॉन्जुगेट) लसी घशातही काम करतात, म्हणजे न टोचलेल्या शेजाऱ्यालाही वाचवतात. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात ए गटाच्या प्रचंड साथी येत. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांवर रुग्ण झाले. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून सीरम इन्स्टिट्यूटची मेनॅफ्रिव्हॅक ही लस द्यायला सुरुवात झाली आणि ए गट घशांतूनच जवळपास नाहीसा झाला, लस न घेतलेल्यांच्याही. बी गटाच्या लसीचं मात्र तसं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात सुमारे ३५ हजार विद्यार्थ्यांवर २०१७-१८ मध्ये तपासून पाहिलं. वाहकपणावर काहीच परिणाम नाही. ती ज्याची त्याने घ्यायची.

ऋतुगंध
सगळ्यांचे आभार. काल भाचीशी बोलले, बाटलीचा अभ्यास सांगितला. ती म्हणाली, "मावशी, मग आठवडाभर सगळ्या माझ्यापासून लांब का बसल्या?" याला उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आणखी दोन शंका. ती मुलगी आजारी पडायच्या चार दिवस आधी दोन रात्री घरी जाऊन आली होती. घरचे? आणि त्या कागदावर "पुरळ" लिहिलंय. सगळ्या मुली दिवसभर आरशासमोर उभ्या.

स्टेथोवाला
घरचे सात दिवसांच्या आत येतात, म्हणजे तेही यादीत हवेत. बहुधा त्यांच्या भागातल्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवलं असेल, तरी घरच्यांना स्वतः विचारून घ्यायला सांगा. उशीर झाला तर फायदा कमी होत जातो आणि दोन आठवड्यांनंतर देण्यात काही राम नाही.

पुरळ: काचेचा पेला दाबून पाहायचा. दाबल्यावरही लाल-जांभळे ठिपके फिके पडले नाहीत तर क्षणभरही थांबायचं नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर ते पटकन दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू बघायची. पण पुरळाची वाट बघू नका. मान आखडणं, पुरळ ही बऱ्याचदा उशिराची लक्षणं. त्याआधी काही तास पाय दुखणं, तापात हातपाय गार पडणं, रंग उतरणं दिसू शकतं. गोळी घेतलेल्यांनीही हे पाहायचं, कारण गोळी आजारावरचा उपचार नाही. आजार आधीच रक्तात शिरला असेल तर ती पुरत नाही.

गुगलपंडित
माझ्या ओळखीत एकांना न्यूमोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा मेनिंजायटिस झाला होता, घरात कुणालाच गोळी दिली नाही. आम्ही डॉक्टरांशी भांडलो होतो.

पेट्रीडिश
तिथे देतच नाहीत. न्यूमोकॉकस, विषाणूंमुळे होणारा किंवा टीबीचा मेनिंजायटिस यात घरच्यांना अशी गोळी लागत नाही. मेनिंगोकॉकस आणि लहान मुलं असलेल्या घरात हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी हा जिवाणू), या दोघांतच हा प्रश्न येतो. म्हणून "मेनिंजायटिस झाला" एवढं ऐकून थांबायचं नाही, कशामुळे ते विचारायचं.

ऋतुगंध
शेवटचा प्रश्न, मग धागा तुमच्या हवाली. मुलगी पुढच्या आठवड्यात परत येईल म्हणतात. खोलीतल्या दोघी वॉर्डनकडे खोली बदलून मागताहेत. तिला वेगळं ठेवायला हवं का?

स्टेथोवाला
अजिबात नको. लागू पडणारं औषध सुरू झाल्यापासून २४ तासांत तिच्याकडून संसर्ग होण्याचं थांबलंय. एक बारीक गोष्ट मात्र आहे: पेनिसिलिनने आजार बरा होतो, पण घशातला जिवाणू त्याने जाईलच असं नाही. त्यामुळे पेनिसिलिनवर असलेल्या रुग्णालाही घरी सोडण्याआधी संपर्कातल्यांचीच गोळी देतात. सेफ्ट्रायॅक्सोनवर असेल तर घसाही त्यातच साफ होतो, वेगळं काही नको.

तिसरा_बाक
म्हणजे ती परत येईल तेव्हा अख्ख्या वसतिगृहात सगळ्यात स्वच्छ घसा तिचाच. खोली बदलायची तर तिने बदलावी.

ऋतुगंध
@तिसरा_बाक, हे वाक्य वॉर्डनबाईंना जसंच्या तसं पाठवतेय.

रात्रपाळी
आणि तिच्या घरच्यांना सांगा, दवाखान्यातून सुटी मिळाल्यावर महिन्याभरात कानांची तपासणी करून घ्या. या आजारात ऐकू येणं कमी होऊ शकतं. घरी जायच्या गडबडीत हे हमखास राहून जातं.